आधी डिझेलची वही, मग नेट झिरो: कारखान्याच्या उत्सर्जनाचा हिशेब कसा मांडावा

"सर, ते स्कोप वन, स्कोप टू काय असतं? कस्टमरने सोमवारपर्यंत भरून मागितलंय."

असा फोन आला की समोरचा माणूस कुठे बसलाय हे मला न विचारता कळतं. रबाळे, महापे, पावणे, नाहीतर इकडे ठाण्यात वागळे इस्टेट. शंभराच्या आतबाहेर कामगार, एक मोठी कंपनी मुख्य ग्राहक आणि तिच्या खरेदी विभागाकडून आलेली एक्सेल शीट. शीटच्या शेवटच्या ओळीत विचारलेलं असतं, तुमचं २०३० चं उद्दिष्ट काय? मालकाने बहुतेक वेळा ती शेवटची ओळच आधी भरलेली असते. "३० टक्के कपात." कशाच्या ३० टक्के, ते अजून ठरायचं असतं.

मी वीजबचतीची ऑडिटं करता करता या कामात आलो. उत्सर्जनाचा, म्हणजे कारखान्यामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंचा हिशेब अवघड नाही, सातवीचा गुणाकार आहे. अवघड असते ती नोंद. आकडा स्टोअरकीपरच्या डिझेलच्या वहीत, अकाउंट्सच्या फायलीत आणि एसीवाल्याच्या चुरगळलेल्या बिलात विखुरलेला असतो. तो गोळा कसा करायचा आणि मग झेपेल असं उद्दिष्ट कसं ठरवायचं, ते एक काल्पनिक कारखाना घेऊन सांगतो. रबाळे एमआयडीसीतलं शेड, पत्र्याचे भाग कापणं, वाकवणं, वेल्डिंग आणि पावडर कोटिंग, ऐंशी माणसं, महावितरणचं एचटी (उच्च दाबाचं) कनेक्शन. पुढचे खपाचे आकडे मी रचलेले आहेत, पण अशा कारखान्यात साधारण याच घरातले सापडतात.

विचारणारा कोण आहे ते बघा

मेल तीन प्रकारचा असतो आणि तिन्हींना एकच उत्तर चालत नाही.

पहिला देशातल्या सूचिबद्ध कंपनीकडून येतो. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर हा पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. पुरवठादारांची माहिती देणं त्यांच्यातल्या मोठ्या कंपन्यांना सध्या ऐच्छिक आहे, पण म्हणून कोणाचा खरेदी विभाग थांबलेला मी पाहिला नाही. दुसरा परदेशी ग्राहकाकडून, बहुधा एखाद्या रेटिंग पोर्टलची लिंक घेऊन. तिसरा युरोपला माल पाठवणाऱ्यांना, सीबीएएमसाठी, म्हणजे युरोपात येणाऱ्या मालावरच्या कार्बन शुल्कासाठी. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून ही माहिती मागायला सुरुवात केली आणि १ जानेवारी २०२६ पासून त्यात पैशांचा भाग लागू झाला. लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज ही त्यातली क्षेत्रं. पोलादाच्या यादीत नट-बोल्टसुद्धा आहेत, हे बऱ्याच जणांना माल अडल्यावर कळतं.

सीबीएएमला एक टन मालामागचं उत्सर्जन हवं असतं, कंपनीचं वर्षाचं एकूण उत्सर्जन नको असतं. एकाच्या रकान्यात दुसऱ्याचा आकडा टाकून पाठवलेल्या शीट मी पाहिल्या आहेत. या लेखात कंपनीच्या एकूण हिशेबाबद्दल बोलतोय. त्याचे नियम ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलमध्ये आहेत, पहिली आवृत्ती २००१ ची आणि सुधारित २००४ ची. आयएसओ १४०६४-१ त्याच वाटेने जातं. मेलमध्ये दोन्हींपैकी काहीही लिहिलं असलं तरी काम एकच.

स्कोप म्हणजे काय, ते कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर असं. तुमच्या आवारात किंवा तुमच्या गाडीत जे जळतं आणि तुमच्या यंत्रांतून जो वायू गळतो, तो स्कोप १. विकत घेतलेली वीज स्कोप २, कारण धूर कोळशाच्या वीज केंद्रात निघाला तरी बटण तुम्ही दाबलंत. बाकी सगळं स्कोप ३. तुमचा पत्रा ज्या पोलाद कारखान्यात बनला तिथपासून कामगार घरी जातो त्या बसपर्यंत, एकूण १५ प्रकार. वायू सात मोजायचे असतात, पण पत्र्याच्या कारखान्यात कार्बन डायऑक्साइड आणि एसीचे गॅस यांतच जवळपास सगळं संपतं.

कुंपण आखा

आपला कारखाना कुठपर्यंत, हे एका कागदावर लिहून काढा. टीटीसीच्या, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न दिसतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. एका प्लॉटवर दोन शेड असतात, मागचं भाड्याने दिलेलं. एकाच कुटुंबाच्या दोन कंपन्या, पण मीटर एक. टेम्पो कंपनीच्या नावावर, चालवतो दुसराच.

नियम असा की रोजचं काम कसं चालवायचं हे ज्याच्या हातात आहे, उत्सर्जन त्याचं. याला ऑपरेशनल कंट्रोल म्हणतात. मालकी हक्काच्या टक्क्यांवर हिशेब करायचीही मुभा आहे, पण लहान कारखान्याने त्या वाटेला जाऊ नये. मागच्या शेडचं मशीन तुम्ही चालवत नसाल तर त्याची वीज तुमच्या स्कोप २ मध्ये नाही. मात्र त्यासाठी तिथे सबमीटर हवा. "साधारण तीस टक्के त्यांचे" हे उत्तर तपासनीस ऐकून घेत नाही. सबमीटर लावायला एक दिवस पुरतो, तो आधी लावा.

ऐरोली-महापे भागातल्या भाड्याच्या ऑफिसांसाठी तीनच गोष्टी. तुमच्या मजल्याचा मीटर वेगळा असेल तर तो स्कोप २. इमारतीचा जनरेटर चालतो तेव्हाची वीजही तुमच्यासाठी विकत घेतलेलीच, पण ती डिझेलची आहे, म्हणून तिचा गुणांक (एका युनिटामागचं उत्सर्जन) वेगळा लावायचा. चिलर सगळ्यांचा मिळून असेल तर मेंटेनन्सच्या बिलासोबत युनिटांचा तपशील मागून घ्या. इमारतवाले लगेच देत नाहीत. लेखी मागितलं की देतात.

वह्या गोळा करा

एक एक्सेल फाइल, बारा महिन्यांचे बारा रकाने, प्रत्येक इंधनाला एक ओळ. महिनेवारी ठेवायचं कारण साधं आहे. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, युरोपातला ग्राहक मागतो जानेवारी ते डिसेंबर. महिने हाताशी असले तर दोन्ही निघतात. वर्षाचा एकच आकडा ठेवलात तर पुढच्या वेळी पुन्हा सगळी बिलं उपसायची.

पाइप गॅस सोपा. महानगर गॅसचं बिल एससीएममध्ये (प्रमाणित घनमीटरमध्ये) येतं, तोच आकडा घ्या. कॅन्टीनचा एलपीजी सिलिंडरांवर मोजा, व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा.

डिझेलला मात्र वेळ द्या. पंपाच्या पावत्यांची बेरीज म्हणजे खरेदी झाली, खप नव्हे. वर्षाच्या सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा, तो खप. आणि डीजीचं (डिझेल जनरेटरचं) आणि टेम्पोचं डिझेल एकाच बॅरलमधून निघत असेल तर दोघांची वही वेगळी करा. डीजीच्या लॉगबुकची परीक्षा घ्यायची माझी एक जुनी पद्धत आहे. मीटरवरची निघालेली युनिटं भागिले लिटर. मध्यम आकाराचा सेट एका लिटरमागे तीन-साडेतीन युनिटं देतो. उत्तर पाच आलं तर वही ऑडिटच्या आदल्या रात्री एकाच पेनाने लिहिलेली आहे असं समजा. दोन आलं तर एकतर सेट फारच कमी लोडवर चालतोय, नाहीतर डिझेल दुसरीकडे जातंय. ही दुसरी शक्यता मालकाला सांगताना मी चहा येईपर्यंत थांबतो.

एसीचा गॅस सगळ्यांच्या विसरण्यातला. सर्व्हिसवाला बिलावर लिहितो, "गॅस चार्जिंग, १ नग." नग कसला? किती किलो आणि कोणता गॅस, हे लिहिल्याशिवाय बिल पास करू नका. कारण आर-४१०ए चा एक किलो हवेत गेला तर तो १,९२४ किलो कार्बन डायऑक्साइडएवढा धरतात. आर-३२ असेल तर ६७७. हे आकडे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या पाचव्या अहवालातल्या गुणांकांवरून येतात. जुन्या यंत्रांत आर-२२ असेल तर तो मॉन्ट्रियल करारात येतो, म्हणून स्कोप १ च्या बेरजेत न धरता खाली वेगळा दाखवायचा. तुमच्या स्वतःच्या एचटी स्विचगिअरमध्ये एसएफ-६ हा विद्युतरोधक वायू असेल तर त्याचा एक किलो म्हणजे साडेतेवीस टन. गळती सहसा होत नाही, पण कधी भरला असेल तर ती पावती शोधाच.

मिग वेल्डिंगला लागणारा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर थेट वजनावर धरा. ब्रिकेटवर बॉयलर चालवणाऱ्यांनी जैवइंधनाचा कार्बन डायऑक्साइड वेगळ्या ओळीत दाखवायचा, स्कोपच्या बेरजेत नाही. त्यातला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड तेवढा आत येतो.

विजेचं बिल वाचताना

इथे मी स्वतः पहिल्याच कामात आपटलो होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

महाराष्ट्रात २०२० पासून एचटी ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर निघतं. बिलावर मोठ्या अक्षरात दिसतं ते केव्हीएएच, पैसेही त्याचेच लागतात. मी तोच आकडा उचलला. उत्सर्जन मात्र केडब्ल्यूएचवर मोजायचं असतं, आपण ज्याला युनिट म्हणतो ते. दोन्हींतला फरक पॉवर फॅक्टरचा, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती प्रत्यक्ष कामी येते त्या प्रमाणाचा. आपल्या कारखान्यात वर्षाला ७,२०,००० युनिटं आणि पॉवर फॅक्टर ०.९२ धरा. केव्हीएएच होतात सुमारे ७,८२,६००. चुकीचा आकडा घेतला तर वर्षाला साडेपंचेचाळीस टन उत्सर्जन फुकटचं अंगावर चढतं. डीजी, टेम्पो आणि कॅन्टीन तिन्ही मिळून तेवढं होत नाही. ग्राहकाच्या तपासनिसाने ते पकडलं आणि सगळी शीट परत आली.

याच्याच पोटातला दुसरा गैरसमज. कपॅसिटर बँक लावून पॉवर फॅक्टर एकच्या जवळ नेला की बिल उतरतं, हे खरं. पण युनिटं जवळपास तेवढीच राहतात, म्हणून उत्सर्जनही तेवढंच. उद्दिष्टाच्या यादीत कपॅसिटर लिहू नका.

मीटर रीडिंगवरून स्वतः ताळा करत असाल तर मल्टिप्लाइंग फॅक्टरने गुणायला विसरू नका. आणि छतावर सोलर असेल तर बिलावरची युनिटं ग्रिडमधून घेतलेली एकूण आहेत की दिलेली वजा करून उरलेली, ते नीट पाहा. स्कोप २ साठी ग्रिडमधून घेतलेली एकूण युनिटं लागतात. दुपारी बाहेर पाठवलेली वीज त्यातून वजा करायची नसते.

गुणाकार

विजेचा गुणांक केंद्रीय वीज प्राधिकरण दर वर्षी जाहीर करतं. २०२३-२४ साठी देशाच्या ग्रिडची सरासरी एका युनिटामागे ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. बाकी इंधनांचे गुणांक आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांतून काढता येतात. डिझेल लिटरमागे साधारण २.६८ किलो, एलपीजी किलोमागे २.९८, पाइप गॅस एससीएममागे सुमारे २. पाइप गॅसचा गुणांक त्याच्या उष्मांकावर हलतो. बिलावर उष्मांक दिला असेल तर त्यावरून नेमका काढा.

आपल्या कारखान्याचं वर्ष असं दिसतं:

वीज, ७,२०,००० युनिटं: ५२३.४ टन
पावडर कोटिंग ओव्हनचा पाइप गॅस, ९०,००० एससीएम: १८० टन
डीजी, ६,००० लिटर डिझेल: १६.१ टन
एसीचा गॅस आर-४१०ए, ६ किलो: ११.५ टन
टेम्पो, ४,००० लिटर डिझेल: १०.७ टन
कॅन्टीन, १२० सिलिंडर: ६.८ टन
वेल्डिंगचा गॅस, ३६० किलो: ०.४ टन

स्कोप १ साडेदोनशेच्या आत, २२५.५ टन. स्कोप २ आहे ५२३.४. दोन्ही मिळून ७४९ टन.

आता या यादीकडे पाहा. मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त चर्चा डीजीची होते, कारण त्याचा धूर दिसतो आणि आवाज येतो. प्रत्यक्षात ओव्हन त्याच्या अकरा पट आहे आणि तो कोपऱ्यात शांत उभा असतो. सहा किलो एसी गॅस वर्षभर फिरणाऱ्या टेम्पोला मागे टाकतो.

स्कोप २ चे दोन आकडे द्यायचे असतात, हे २०१५ च्या मार्गदर्शनात आहे. एक, ग्रिडच्या सरासरीवर, म्हणजे वरचा. दुसरा, तुम्ही कोणत्या प्रकारची वीज करार करून घेता त्यावर. हरित वीज घेत नसाल तर दोन्ही सारखेच लिहून मोकळे व्हा.

स्कोप ३ मध्ये पत्रा शोधा

पंधरा प्रकार पाहून घाबरायचं कारण नाही. पहिल्या वर्षी एकाच ओळीला वेळ द्या, कच्चा माल. आपला कारखाना वर्षाला ५०० टन पत्रा घेतो असं धरा. भारतात एक टन पोलादामागे साधारण अडीच टन कार्बन डायऑक्साइड जातो. झाले १,२५० टन. कारखान्याच्या कुंपणाच्या आतल्या सगळ्याहून जास्त, एकट्या पत्र्याचे.

म्हणून भंगाराचं प्रमाण हा उत्सर्जनाचा विषय आहे. नेस्टिंग (पत्र्यावर भागांची मांडणी) सुधारून पत्र्याची नासाडी शंभरात चारने कमी केली तर ५० टन वाचतात आणि पैसे वेगळेच. पुरवठादाराला त्याच्या पोलादाचा आकडाही विचारायला लागा. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली आहे. टनामागे २.२ टनांखाली असेल तर हरित, आणि १.६ च्या खाली गेलं तर पाच तारे. आज वाशी-कळंबोलीच्या व्यापाऱ्याला हे विचारलं तर तो तुमच्या तोंडाकडे बघेल. मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटबरोबर हा कागदही मागायची सवय लावून घ्यायला हरकत नाही.

वाहतुकीच्या मागे फार लागू नका. तेच ५०० टन चाळीस किलोमीटर ट्रकने नेले तर वीस हजार टन-किलोमीटर होतात. मोठ्या ट्रकला टन-किलोमीटरमागे शंभर ग्रॅम धरले तरी दोन टन. न्हावा-शेवाच्या रस्त्यावर ट्रक तासभर अडकून पडतो तेव्हा आपल्याला वाटतं की जगाचा सगळा धूर इथेच आहे. हिशेबात तो पत्र्यापुढे चिमूटभर निघतो.

कामगारांचं येणं-जाणं एका पानाच्या फॉर्मवर उरकतं. गाव, साधन, आठवड्यातले दिवस. ठाणे-वाशी लोकलने येणाऱ्यांचा वाटा नगण्य असतो, मोटरसायकल आणि गाड्यांचा तेवढा मोजा. वितरणातल्या वीजगळतीचा वाटाही स्कोप ३ मध्ये जातो. सीईटीपीला (सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला) जाणारं सांडपाणी आणि तळोज्याला जाणारा घातक कचरा यांच्या पावत्या तुमच्याकडे असतातच, त्या याच फायलीत लावून ठेवा.

पायाभूत वर्ष आणि एक खोटी कपात

ज्या वर्षाशी तुलना करायची ते पायाभूत वर्ष. ज्या वर्षाच्या वह्या सगळ्यात स्वच्छ आहेत ते घ्या. कोविडमध्ये बंद पडलेलं वर्ष घेतलंत तर पुढे कायम वाढच दिसेल, आणि ऑर्डर दुप्पट होती ते वर्ष मुद्दाम निवडलंत तर ग्राहकाला ते कळतं.

कारखान्याची रचना बदलली तर पायाभूत वर्ष पुन्हा मोजायचं असतं. किती बदलाला मोजायचं हे आधीच लिहून ठेवा, सहसा ५ टक्के धरतात. याचं कारण पावडर कोटिंगच्या उदाहरणात कळेल. समजा उद्या तुम्ही ओव्हन विकला आणि काम पलीकडच्या गल्लीत जॉबवर्कला दिलं. तुमचा स्कोप १ एका रात्रीत १८० टनांनी उतरला. हवेत मात्र गॅस तेवढाच जळतोय, बहुधा जुन्या बर्नरवर थोडा जास्तच. ही कपात नाही. पायाभूत वर्षातूनही तो ओव्हन काढायचा आणि जॉबवर्कचं उत्सर्जन स्कोप ३ मध्ये धरायचं. हे न करता पंचवीस टक्के कपात केल्याचा फलक गेटवर लावलेला मी पाहिला आहे.

उद्दिष्ट खालून वर बांधा

भारताने ग्लासगोच्या परिषदेत नोव्हेंबर २०२१ मध्ये २०७० पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून निव्वळ शून्यावर यायचं, लक्ष्य जाहीर केलं. बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी २०४० किंवा २०५० धरलं आहे. विज्ञानाधारित उद्दिष्टांची जी एसबीटीआय ही व्यवस्था आहे, ती दीड अंशाच्या मार्गासाठी स्कोप १ आणि २ मध्ये वर्षाला किमान ४.२ टक्के सरळ कपात धरते, पायाभूत वर्षाच्या आकड्यावर. ग्राहक विचारतो तो "३० टक्के" किंवा "४२ टक्के" तिथूनच येतो.

वरून आकडा घेऊन तो खाली वाटत बसण्याऐवजी मी मेंटेनन्सवाल्याबरोबर शेडमध्ये फिरतो आणि खालून बेरीज करतो.

सुरुवात कॉम्प्रेसरपासून. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीनं बंद ठेवून कॉम्प्रेसर एकटा चालू करा. घड्याळ लावा. तो किती वेळ लोडवर असतो आणि किती वेळ अनलोड, हे सात-आठ चक्रं लिहून काढा. लोडचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले शंभर, ही तुमची हवेची गळती. दोन मिनिटं लोड आणि सहा मिनिटं अनलोड आलं तर २५ टक्के. हवा कोणीच वापरत नव्हतं, तरी पावशेर गेली. तीस किलोवॅटचा कॉम्प्रेसर वर्षाला दीड लाख युनिटं खात असेल आणि गळती २५ वरून १० वर आणली, तर साधारण साडेबावीस हजार युनिटं वाचतात. सोळा टनांहून थोडं जास्त, म्हणजे अख्ख्या डीजीएवढं. खर्च काय, तर क्लॅम्प, नळ्या आणि एक रविवार. दाब गरजेपेक्षा एक बार जास्त ठेवलेला असेल तर तो उतरवूनही त्या कॉम्प्रेसरची ६ ते १० टक्के वीज वाचते.

ओव्हनची दारं, इन्सुलेशन, बर्नरचं ट्यूनिंग आणि रिकामा ओव्हन तापवत ठेवायची सवय, यांत मिळून आठेक टक्के निघतात. १५ टन धरू.

मग छत. या भागात एक किलोवॅट पॅनल वर्षाला साधारण १,३५० युनिटं देतं आणि त्याला शंभर चौरस फूट लागतात. १०० किलोवॅटचे १,३५,००० युनिट, म्हणजे ९८ टन. पण टीटीसीतली कितीतरी शेडं जुन्या सिमेंट पत्र्यांची आहेत. त्यावर पॅनल सोडा, माणूस चढवतानाही जीव खालीवर होतो. स्ट्रक्चरल इंजिनीअरचा दाखला आधी घ्या, सोलरवाल्याचं कोटेशन नंतर. पत्रा बदलायचा खर्च धरूनच हिशेब करा. दुसऱ्या कंपनीने तुमच्या छतावर पॅनल बसवून तुम्हाला वीज विकायचा करार असेल तर त्या विजेची हरित प्रमाणपत्रं कोणाकडे राहतात ते करारात वाचा. ती त्यांनी बाहेर विकली तर हरित वीज वापरल्याचा दावा तुम्हाला करता येत नाही.

बेरीज करा, १६ अधिक १५ अधिक ९८, १२९ टन. ७४९ पैकी साधारण १७ टक्के. वर्षाला ४.२ प्रमाणे चार वर्षांचे होतात १६.८. म्हणजे या तीन कामांत चार वर्षांचं उद्दिष्ट बसतं आणि प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव लिहिता येतं. माझा सल्ला, एवढंच जाहीर करा. "२०२४-२५ च्या तुलनेत २०२८-२९ पर्यंत स्कोप १ आणि २ मध्ये १७ टक्के." वर्ष, स्कोप आणि टक्के, तिन्ही त्या वाक्यात हवेत.

त्यापुढची मजल ग्रिडच्या विजेवर आहे. महावितरणकडून हरित वीज घ्यायचा पर्याय आहे. वीज नियामक आयोगाने २०२१ मध्ये तो मंजूर केला तेव्हा युनिटमागे ६६ पैसे जादा होते. त्या दराने आपल्या कारखान्याला वर्षाला पावणेपाच लाख रुपये. आजचा दर चालू दरपत्रकात पाहून घ्या. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी हरित वीज ओपन अॅक्सेसने (थेट उत्पादकाकडून) घ्यायची मर्यादा १०० किलोवॅटवर आणली आहे, तीही वाट आहे. मात्र या दोन्हींनी स्कोप २ चा दुसरा, कराराचा आकडा उतरतो. ग्रिडच्या सरासरीवरचा पहिला तसाच राहतो. माझ्या मते कॉम्प्रेसर गळत असताना हरित वीज विकत घेणं म्हणजे फुटक्या घागरीत बिसलेरी ओतणं.

वर्षभर काय बघायचं

एकूण टनांच्या शेजारी एक तीव्रतेचा आकडा ठेवा, टन मालामागे किंवा कोटिंग केलेल्या चौरस मीटरमागे. उलाढालीच्या रुपयामागे काढायला बीआरएसआर सांगतं, तोही द्या, पण स्वतःच्या नियंत्रणासाठी वापरू नका. पत्र्याचा भाव वाढला की तुमची उलाढाल फुगते आणि काहीही न करता तीव्रता सुधारल्यासारखी दिसते.

आणि युनिटं टनांपासून वेगळी बघा. ग्रिडचा गुणांक २०२२-२३ ला ०.७१६ होता, पुढच्या वर्षी ०.७२७ झाला. तेवढ्याने आपल्या कारखान्याचे जवळपास आठ टन वाढले, मशीन एक मिनिट जास्त न चालवता. मेंटेनन्सवाल्याला त्याबद्दल जाब विचारणं हा अन्याय आहे. त्याच्यासमोर फक्त युनिटं, एससीएम आणि लिटर ठेवा. टन तुम्ही आणि ग्राहक बघा.

झाडं लावलीत तर छानच, एमआयडीसीत सावली कोणाला नको आहे. ती या बेरजेतून वजा होत नाहीत. विकत घेतलेली कार्बन क्रेडिटंही होत नाहीत, ती वेगळी दाखवायची. "कार्बन न्यूट्रल" असं खोक्यावर छापायच्या आधी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ऑक्टोबर २०२४ ची ग्रीनवॉशिंगविरोधी तत्त्वं वाचा. दाव्याला पुरावा लागतो आणि तो ग्राहकाला पाहता आला पाहिजे.

वेळापत्रक असं ठेवा. ३१ मार्चला डिझेलचा साठा डिपस्टिकने मोजून फोटो काढायचा आणि मीटरांचं रीडिंग घ्यायचं. एप्रिलमध्ये एसीवाल्याकडून वर्षभरात भरलेल्या गॅसचं किलोंमध्ये पत्र. मेअखेर तक्ता पूर्ण, जूनमध्ये ज्याने तो भरला नाही अशा माणसाकडून दहा आकड्यांची बिलांशी पडताळणी. ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला फॉर्म पाच जातो. त्यातही इंधनाचा खप भरायचा असतो आणि तो बहुतेक ठिकाणी दुसराच माणूस, दुसऱ्याच फायलीवरून भरतो. तिथलं डिझेल आणि तुमच्या तक्त्यातलं डिझेल समोरासमोर ठेवा. लिटर जुळले की मगच ग्राहकाच्या मेलला उत्तर पाठवा.